आमच्या सह्या नकोत, मशीनला जाळ्या लावा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
गाळेधारक मालक संघटना,
साकीनाका, अंधेरी पूर्व, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वसाहतीच्या दोन्ही गेटांवर संघटनेची नोटीस लागली. प्रत्येक गाळ्यातल्या प्रत्येक कामगाराकडून पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र लिहून घ्यावं आणि महिनाअखेरपर्यंत ज्याचं हमीपत्र जमा होणार नाही त्याला गेटपास देऊ नये, असा निर्णय झाल्याचं तिच्यात म्हटलं आहे. हमीपत्राचा मसुदाही खाली चिकटवला आहे. त्यात कामगाराने असं लिहून द्यायचं: मशीनचा धोका मला समजावून सांगितला आहे. सुरक्षेची सर्व साधनं मला मिळाली आहेत. अपघात झालाच तर तो माझ्या निष्काळजीपणामुळे झाला असं समजावं. मी किंवा माझे वारस कोणत्याही न्यायालयात भरपाई मागणार नाही, मालक स्वखुशीने देतील ती मदत अंतिम राहील. त्याखाली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार.

कारणही नोटिशीतच दिलं आहे. अलीकडे वसाहतीतल्या काही मालकांवर भरपाईचे दावे लागले, म्हणून सल्लागारांशी बोलून हा उपाय ठरवला. त्या दाव्यांपैकी एक माझ्या धाकट्या भावाचा आहे. त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नाही. हे पत्र बंद पाकिटात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण असल्या हमीपत्राचा प्रश्न एका वसाहतीपुरता नाही. कुर्ला, भांडुप, वसई, कुठल्याही गाळ्यातल्या कामगारापुढे उद्या हाच कागद येऊ शकतो. वसाहतीचं किंवा कोणत्याही गाळ्याचं नाव मी लिहिलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, हा निर्णय मागे घ्यायला लावायचा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. मी डायफिटर आहे. आयटीआय करून या भागात आलो तेव्हापासून इथल्याच गाळ्यांमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवतो, लावतो, दुरुस्त करतो. कुठली प्रेस, म्हणजे पत्रा ठोकायचं मशीन, कशी चालते, कुठल्या प्रेसची जाळी कधी निघाली आणि परत लागलीच नाही, हे मला माहीत आहे.

आधी हमीपत्राबद्दल, कारण तुमची सगळी भिस्त त्यावर आहे.

1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम 17 सांगतं की भरपाईचा हक्क कामगाराने सोडला किंवा कमी करून घेतला, असा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मुद्रांक पाचशेचा असो की पाच हजारांचा, साक्षीदार दोन असोत की वीस. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी ही तरतूद तिथेही कायम आहे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही गोष्ट तुमच्या सल्लागारांना ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. ठाऊक असूनही हा कागद करायला सांगितला असेल, तर त्याचा उद्देश न्यायालयात टिकणं हा नाहीच. आझमगढ, गोरखपूर, बालासोरहून आलेल्या मुलाने तो कागद पाहून न्यायालयात जायचंच सोडून द्यावं, एवढाच त्याचा उपयोग. ही मुलं मराठी वाचत नाहीत, मसुद्यातली इंग्रजी तर नाहीच नाही. सही कशावर केली हे त्यांना कुणी सांगणार नाही.

2017 मध्ये याच कायद्यात 17-अ हे कलम आलं. कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती लेखी द्यायची, त्याला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि न देणाऱ्या मालकाला किमान 50,000 आणि जास्तीत जास्त 1 लाख रुपये दंड. जी माहिती मालकाने कामगाराला लिहून द्यावी असं कायद्याने ठरवलं, तिच्या नेमकं उलट तुम्ही त्याच्याकडून लिहून घ्यायला निघाला आहात.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. हे हमीपत्र तुमच्याच विरोधात जाईल. ‘मशीनचा धोका समजावून सांगितला आहे’ असं तुम्ही शंभर कामगारांकडून एकाच तारखेला लिहून घेतलंत, म्हणजे धोका आहे हे तुम्हाला त्या तारखेला माहीत होतं. माहीत असूनही जाळी लावली नाही, याचा लेखी पुरावा तुम्ही स्वतः तयार करताय. कामगाराने दारू प्यायली होती, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, अशा अपवादांत मालकाला बचाव घेता येतो हे खरं. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तोही बचाव चालत नाही. आणि जाळी मुद्दाम काढली असं म्हणायला आधी मशीनला जाळी असावी लागते.

आता माझ्या भावाचं सांगतो. मसुद्यातल्या ‘निष्काळजीपणा’ या शब्दाचा राग मला का येतो ते त्यावरून कळेल.

तो प्रेस ऑपरेटर होता. वय तीस, महिना 16,500 रुपये, गाळ्यात सातजण. सी-फ्रेमची जुनी पॉवर प्रेस, पत्र्याचे छोटे कप काढायचं काम. ज्यांनी अशी प्रेस चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं समजावतो. पायडल दाबलं की क्लचची चावी फिरत्या फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँक फिरतो, रॅम, म्हणजे प्रेसचा ठोकणारा भाग, खाली येतो आणि त्याला लावलेला पंच, म्हणजे वरचा साचा, डायमध्ये शिरतो. या जातीच्या क्लचमध्ये एकदा चावी अडकली की क्रँकची पूर्ण फेरी झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. मधेच थांबवायची सोयच नसते. म्हणून या प्रेसला सेन्सरचा पडदा लावूनही उपयोग नाही. हात आत गेलेला सेन्सरला कळेल, पण प्रेस थांबणार नाही. इथे एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे हात डायपर्यंत पोचूच नये अशी पक्की जाळी. जॉब, म्हणजे ठोकायचा पत्रा, आत सरकवायला फट, हात जाणार नाही एवढीच.

दुसरी गोष्ट, चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग ढिली पडली की प्रेस पायडल न दाबताच दुसरा ठोका मारते. ऑपरेटर पहिल्या ठोक्यानंतर जॉब काढायला हात घालतो, आणि रॅम परत खाली येतो. डबल स्ट्रोक. ही प्रेस डबल मारते हे भावाने अपघाताच्या आधीच मालकांना सांगितलं होतं. उत्तर मिळालं, ही ऑर्डर जाऊ दे, मग क्लच उघडू. त्या ऑर्डरीतच त्याच्या उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका गेली. त्याने काय निष्काळजीपणा केला? सांगितलं, आणि मग काम करत राहिला. काम केलं नसतं तर दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं असतं.

पुढचं तर अजून वाईट. रिक्षात घालून त्याला एका नर्सिंग होममध्ये नेलं आणि वाटेत सांगितलं, डॉक्टरांना म्हण घरी दारात हात सापडला. तुटलेली बोटं पिशवीतल्या बर्फात थेट टाकली. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, कोरड्या बंद पिशवीत घालून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. बर्फ मांसाला लागला की पेशी मरतात. हे सांगणारा एकही माणूस त्या गल्लीत नव्हता. नर्सिंग होमने दुसरीकडे पाठवलं, तिथे डॉक्टर म्हणाले की आता जोडण्यासारखं काही उरलं नाही. मालकांनी बिल भरलं, चाळीस हजार रुपये दिले आणि एका कोऱ्या लेटरहेडवर ‘पूर्ण व अंतिम’ लिहून त्याची सही घेतली. डाव्या हाताची सही, कारण उजव्याला बँडेज होतं.

तो माझ्याकडे डाय सेटिंग शिकत होता. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, धरायला, फिरवायला अंगठ्यासोबत ही तीनच बोटं लागतात. आता तो पवईत एका सोसायटीत रात्रीचा वॉचमन आहे. पगार पूर्वीच्या निम्म्याला जरा वर.

त्या चाळीस हजारांचा हिशेब कायद्याने मांडून दाखवतो. अपघात जुन्या कायद्याच्या काळातला आहे. त्यात भरपाईसाठी जास्तीत जास्त 15,000 रुपये मासिक पगार धरला जातो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्याच्या तक्त्यात तीस वर्षं वयाचा गुणक 207.98. गुणाकार होतो 18,71,820 रुपये. एका हाताची तीन बोटं गेली तर परिशिष्टात कमाईच्या क्षमतेचं नुकसान 30 टक्के धरलं आहे. म्हणजे 5,61,546 रुपये. आणि हा हिशेब नुसत्या परिशिष्टाचा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. त्याच निकालाप्रमाणे भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नाही. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. विमा असेल तर भरपाई विमा कंपनी भरेल, दंड मात्र मालकाच्या खिशातूनच जातो. शिवाय भरपाईचा करार भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. न नोंदवलेल्या ‘पूर्ण व अंतिम’ कागदाने मालक पूर्ण रकमेतून सुटत नाही. दावा लावायला दोन वर्षं मिळतात. आम्ही त्या मुदतीत वांद्र्याच्या कामगार न्यायालयात गेलो, आणि आज नोटिशीत ज्याला ‘त्रास’ म्हटलं आहे तो हा.

माणूसच गेला तर काय, तेही सांगतो, कारण तसंही या पट्ट्यात घडलं आहे. तीस वर्षांच्या, 15,000 किंवा जास्त पगाराच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई 15,59,850 रुपये होते, आणि ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. घरी जाऊन विधवेच्या हातात दिलेलं पाकीट, तीन महिन्यांच्या पगाराएवढा आगाऊ भाग सोडला तर, कायद्याच्या हिशेबात भरपाई म्हणून धरलंच जात नाही.

आता आपल्या वसाहतीबद्दलच्या माझ्या तक्रारी. एका भावावर बोलून हे पत्र संपवलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार जाळ्यांची. इथल्या बहुतेक प्रेसवर आज जाळी नाही. काहींवर होती, डाय बदलताना काढली आणि कोपऱ्यात पडली. पायडलवर झाकण नाही, वरून जॉब पडला तरी प्रेस चालू होते. पट्ट्यांवर, गिअरवर कव्हर नाही. धोकादायक यंत्राला कुंपण घालायची तरतूद या देशात 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्यात आली, आणि तो कायदा मुंबईच्या गिरण्यांची अवस्था पाहूनच झाला होता. 1948 च्या कायद्याचं कलम 21 हेच सांगत होतं. जाळी लावायला पत्रा, अँगल, चार बोल्ट आणि वेल्डरची अर्धी पाळी लागते. तुम्ही म्हणता, ऑपरेटरच जाळ्या काढतात. काढतात, कारण पैसे नगावर मिळतात. जाळी असली की तासाचे नग कमी निघतात आणि पगारात कापले जातात. नगाचा दर जाळीसकट चालणाऱ्या वेगावर ठरवा, मग कोण जाळी काढतो ते बघू.

दुसरी गोष्ट क्लचची. मशीन बिघडल्याचं सांगणाऱ्याचं ऐकून घेणारी पद्धतच इथे नाही. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, आणि अपघात झाल्यावर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’. प्रत्येक प्रेसजवळ एक वही ठेवली आणि त्यात लिहिलं की दुरुस्ती होईपर्यंत मशीन बंद, तर तुमचं एका पाळीचं नुकसान होईल. माझ्या भावाची तीन बोटं वाचली असती.

मस्टरबद्दल बोलायलाच हवं. एकाच गाळ्याच्या दारावर तीन कंपन्यांच्या पाट्या आहेत. आत चौदा-पंधरा माणसं, पण प्रत्येक मस्टरवर नऊच्या आत नावं. कशासाठी, हे सगळ्यांना कळतं. दहा झाले की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. पण दावे टाळायचा सरळ, कायदेशीर मार्ग तोच आहे, हे तुमच्या सल्लागारांनी तुम्हाला का सांगितलं नाही? 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआय भरला की कामावरच्या इजेचा खर्च आणि अपंगत्वाचा लाभ महामंडळ देतं, आणि भरपाईच्या कायद्याखालचा दावा मालकावर येत नाही. बरा होईपर्यंत कामगाराला पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणात दरमहा, आयुष्यभर. मालकाचा हिस्सा 3.25 टक्के. 16,500 च्या पगारावर महिन्याला 536 रुपये. जिथे खरोखरच दहाच्या आत माणसं आहेत तिथे भरपाईचा विमा काढता येतो. भरपाईच्या कायद्याला दहा-वीस डोक्यांची अट नाही, एक माणूस असला तरी जबाबदारी आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी आहे. काम तुमच्या धंद्याचं आणि तुमच्या जागेत, तर भरपाई आधी तुमच्याकडून, मग ती तुम्ही ठेकेदाराकडून वसूल करा.

साधनांचे पैसे पगारातून कापले जातात, ही चौथी तक्रार. बुटांचे, चष्म्याचे, हातमोज्यांचे. व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम 6 सांगतं की सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार कामगाराकडून घेता येणार नाही. त्यातच, सगळ्यांना सरसकट हातमोजे वाटून फोटो काढले म्हणजे सुरक्षा झाली असाही एक समज आहे. ड्रिल मशीनवर हातमोजा घालणं हेच घातक असतं. तो फिरत्या ड्रिलला गुंडाळला जातो आणि हात घेऊन जातो. कुठल्या कामाला काय लागतं ते फिटरला विचारा, पुरवठादाराला नको.

आणि बाहेर पडायचा रस्ता. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे आपल्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, खैराणी रोडवर, फरसाणच्या दुकानाला आग लागून आत झोपलेले 12 कामगार गेले. त्यानंतर काही महिने आपल्याकडेही पोटमाळ्यांवरून अंथरुणं हलली होती. आज परत पोटमाळ्यावर मुलं झोपतात, परत जिन्यात भंगाराचे ड्रम आहेत, मागच्या दाराला परत कुलूप आहे. याबद्दल नोटिशीत एक ओळ नाही.

अपघाताची नोंद होत नाही, हेही सांगायचं आहे. 48 तास किंवा त्याहून जास्त काळ कामगार कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने तो अपघात कळवायचा, हा नियम जुना आहे. आपल्याकडे बोट गेलं तरी तो ‘घरी दारात सापडला’ होतो. नोंदच नाही, मग कुठल्या प्रेसवर किती हात गेले ते संघटनेला कळणार कसं? आणि संघटना दावे मोजते, अपघात मोजत नाही.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. तुमच्यातले कितीतरी जण कधीकाळी याच प्रेसवर बसलेले आहेत. मोठ्या कंपन्या दर पाडून मागतात, पैसे तीन-चार महिन्यांनी देतात, गाळ्याचं भाडं थांबत नाही. पाच लाखांचा दावा आला तर छोटा मालक बुडू शकतो, हेही खरं. म्हणूनच मला हा निर्णय जास्त खटकतो. संघटनेने वकिलाच्या मसुद्यावर आणि मुद्रांकांवर जे पैसे खर्च करायचं ठरवलं, त्याच पैशांत निम्म्या प्रेसच्या जाळ्या झाल्या असत्या. एकट्या मालकाला जे जमत नाही, तेच तर संघटनेचं काम. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे सुरक्षेचं प्रशिक्षण मिळतं. हायवेवरून जाता-येता तुम्ही रोज तिच्याजवळून जाता. संघटनेने तिथे कुणाला पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि कायदा आता पूर्वीपेक्षा कडक झाला आहे, हेही लक्षात घ्या. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार, मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख रुपये दंड किंवा दोन्ही. या दंडातली किमान निम्मी रक्कम जखमी कामगाराला किंवा त्याच्या वारसांना द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं, तीही भरपाईखेरीज. यातल्या एकाही गोष्टीपुढे तुमचं हमीपत्र उभं राहणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

1. हमीपत्राची नोटीस मागे घ्या. ज्यांच्या सह्या घेतल्या आहेत त्यांचे कागद त्यांना परत करा, आणि सही न केल्याबद्दल कुणाचाही गेटपास अडवू नका.

2. त्याऐवजी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र आणि भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्या. मराठी आणि हिंदी, दोन्हीत.

3. प्रत्येक पॉवर प्रेसला पक्की जाळी आणि पायडलला झाकण लागल्याशिवाय ती चालवू नका. डबल स्ट्रोक मारणारी प्रेस त्याच मिनिटाला बंद करून मेन स्विचला कुलूप लावा, किल्ली फिटरकडे. जॉब काढायला चिमटे आणि चुंबकाच्या दांड्या द्या. दर महिन्याला क्लच, चावी, स्प्रिंग, ब्रेक तपासून मशीनजवळच्या वहीत तारखेसह लिहा.

4. आत जेवढी माणसं तेवढीच मस्टरवर. जिथे ईएसआय लागू होतो तिथे नोंदणी, जिथे होत नाही तिथे भरपाईचा विमा. विम्याच्या पॉलिसीची प्रत गाळ्यात लावा.

5. प्रत्येक गल्लीत प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा एक तरी माणूस, दोन्ही पाळ्यांना. तुटलेलं बोट कसं न्यायचं याची सूचना चित्रांसह भिंतीवर. अपघात झाला की आधी रुग्णालय, आणि तिथे खरं कारण सांगायचं.

6. जिने आणि मागची दारं मोकळी करा. पोटमाळ्यावर झोपणाऱ्या मुलांची सोय दुसरीकडे करा. त्यांना नुसतं हाकलून देऊ नका.

7. अपघातांची नोंदवही संघटनेच्या कार्यालयात ठेवा, आणि ती पाहायचा अधिकार कामगारांना द्या. मालक आणि कामगार यांची निम्मी-निम्मी सुरक्षा समिती करा. तिच्यात निदान एक प्रेस ऑपरेटर असलाच पाहिजे.

माझ्या भावाच्या दाव्याचा या मागण्यांशी संबंध नाही. तो न्यायालयात चालेल आणि जो निकाल लागेल तो लागेल. त्याच्या बदल्यात मी काही मागत नाही, आणि काही मिळालं म्हणून हे पत्र मागेही घेणार नाही.

जाळ्यांच्या कामात आम्ही मदत करू. मी आणि वसाहतीतले आणखी काही फिटर सुट्टीच्या दिवशी मापं घेऊन जाळ्या बनवायला तयार आहोत. सामान संघटनेने द्यावं, आमच्या हाताची मजुरी आम्हाला नको. कुठल्या गाळ्यापासून सुरुवात करायची ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर तळमजल्यावरच्या जुन्या सी-फ्रेमपासून, कारण तिथली दोन मशीनं आत्ताही डबल मारतात आणि आज रात्रीच्या पाळीलाही त्यांच्यावर माणसं बसणार आहेत.

उत्तर लेखी द्या आणि ज्या फळ्यावर नोटीस लावली त्याच फळ्यावर लावा. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही, तर या पत्राची प्रत, हमीपत्राचा मसुदा आणि जाळी नसलेल्या मशीनांची यादी घेऊन आम्ही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि कामगार आयुक्तांकडे जाऊ. तोपर्यंत हमीपत्रावर सही न करण्याचं आमच्यापैकी अनेकांनी ठरवलं आहे. गेटपास अडवलात तर तेही त्याच तक्रारीत लिहू.

आपला,
वसाहतीतला एक डायफिटर
साकीनाका, मुंबई